आधी काकूंचं माप घे

म्हापसा, रविवार

प्रिय नंदू,

फ्लॅटचे फोटो पाहिले. रंग झकास, पण तो सोफा? विचारलंस म्हणून सांगतो, रागावू नकोस. इतका खोल आहे की मागे टेकलं तर पाय अधांतरी आणि पुढे सरकलं तर पाठ उघडी. काकू त्यातून उठणार कशा?

मी शहाणा आहे अशातला भाग नाही. चवथीआधी बाल्कनीत बल्कांव करायची हुक्की आली. पणजीच्या फोन्तेन्हासमध्ये पाहिले होतेस ना, दारापुढे समोरासमोर बांधलेले सोपे, म्हणजे बसायचे कट्टे? धड घरात नाही, धड रस्त्यावर नाही. येणारा-जाणारा तिथेच टेकतो, आत बोलवायचा सोपस्कार नको. सुताराने उंची विचारली, मी नेटवर पाहून ठोकून दिलं, वीस इंच. आईचे पाय शाळेतल्या पोरासारखे लोंबकळायला लागले! कापून सोळावर आणले. पण मधलं अंतर अजून चुकलेलंच आहे, गुडघ्याला गुडघा लागतो. म्हणून एका फळीवर सध्या कुंड्या नांदताहेत. मामाच्या जुन्या घरी जाऊन टेप लावायची अक्कल नंतर सुचली.

आमच्या कोपऱ्यावर बसथांब्याला नवा बाक आलाय. स्टीलचा, दर दीड फुटावर आडवा दांडा, कुणी आडवं होऊ नये म्हणून. दुपारी तव्यासारखा तापतो. भाजीवाली त्याला पाठ लावून जमिनीवर बसते. डिझायनरने तो वापरून पाहिला असेल असं वाटत नाही.

याउलट इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची आठव. तिचं मूळ मिखाएल थोनेट या जर्मन-ऑस्ट्रियन सुताराची 14 नंबरची खुर्ची, 1859 सालची. सहा लाकडं, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावायच्या. म्हणजे तुझं ते 'घरी जोडा' फर्निचर काही आजचं नव्हे. आणि 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने आपल्या सरकारला जो अहवाल दिला, ज्यातून पुढे अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी वाखाणला कोणाला? आपल्या लोट्याला! धरायचा कसा, ओतायचा कसा, कडेवर घ्यायचा कसा, सगळं त्यांनी त्यात पाहिलं.

शिंपल्यांच्या खिडकीचं म्हणशील तर जरूर लाव, पण बेडरूमला. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेल्या त्या चकत्यांतून उजेड दुधासारखा येतो, बाहेरचं मात्र काही दिसत नाही. तुझ्या हॉलसमोर टेकडी आहे, ती कशाला झाकतोस?

सोफा परत करता येतो का बघ. काकूंना साध्या खुर्चीवर बसवून टाचेपासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंतचं माप घे आणि कळव. माझा सुतार शुक्रवारी कुंड्यांच्या फळीसाठी येतोय, त्याच्याकडेच तुझंही काम देतो.

तुझा,
दिगू