आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: मेथच्या उपचाराची ओपीडी सायंकाळी उघडी ठेवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

अमली पदार्थांचा विषय निघाला की चर्चा होते ती पकडलेल्या मालाची आणि उद्ध्वस्त केलेल्या कारखान्यांची. ते गृहखात्याचे काम. आपल्या खात्याच्या दारात येतो तो माणूस: दोन-तीन रात्री न झोपलेला, कुणीतरी पाळतीवर आहे अशा भीतीने घेरलेला, आणि आता थांबायचे म्हणणारा. तो मेथ (मेथॲम्फेटामिन; आइस, क्रिस्टल) घेत असो की आपल्याकडे जास्त चालणारी एमडी (मेफेड्रोन), त्याच्यासाठी सरकारी ओपीडीत काय हवे, ते व्यसनोपचारात काम करणारे आम्ही मांडत आहोत.

आपली व्यवस्था दारू आणि गर्द यांच्याभोवती उभी राहिली. दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, म्हणून भरती. गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध. मेथच्या व्यसनावर मात्र अजून मान्यता मिळालेले एकही औषध नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी औषध-चाचणीत दर तीन आठवड्यांनी नाल्ट्रेक्सोनचे ३८० मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि रोज ४५० मिलिग्रॅम ब्युप्रोपिऑन (नैराश्यावरचे औषध) दिले गेले. प्रतिसाद (म्हणजे लघवीच्या बहुतेक चाचण्यांत मेथ न सापडणे) १३.६ टक्के, प्लासिबोवर (औषध नसलेल्या नकली डोसवर) २.५ टक्के. फरक आहे, पण या जोडीच्या भरवशावर कार्यक्रम उभा राहत नाही.

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो लघवीची चाचणी स्वच्छ आली (पदार्थ सापडला नाही) की लगेच छोटे बक्षीस देण्याच्या पद्धतीचा. ‘नशा न करण्याचे पैसे का द्यायचे?’ हा प्रश्न विधानसभेत विचारला जाईल, म्हणून हिशेबच मांडतो. बारा आठवडे, दर सोमवारी व गुरुवारी लघवीची चाचणी. पहिल्या स्वच्छ चाचणीला ५० रुपयांचे कूपन, पुढच्या प्रत्येक सलग स्वच्छ चाचणीला १० रुपये जास्त. चाचणी चुकली किंवा पदार्थ सापडला तर कूपन नाही आणि गाडी परत ५० वर; त्यानंतर सलग तीन स्वच्छ आल्या की आधीचा टप्पा परत. चोवीसच्या चोवीस स्वच्छ आल्या तरी एका रुग्णामागे खर्च ३,९६० रुपये. रोख नको, किराणा, एसटीचा पास किंवा मोबाइल रिचार्ज चालेल.

ही पद्धत फसते ती तपशिलात. मेथ लघवीत साधारण दोन-तीन दिवस दिसते, म्हणून आठवड्यातून एकच चाचणी ठेवली तर मधले दिवस निसटतात. खूप घेणाऱ्याची चाचणी सोडल्यावरही काही दिवस पॉझिटिव्ह येते. पहिल्या आठवड्यात त्याला खोटारडा ठरवू नये. बक्षीस त्याच जागी, त्याच मिनिटाला द्यावे. ‘बिल मंजूर झाल्यावर’ म्हटले की परिणाम संपला. लघवीत मेथ तपासायची पट्टी एमडी खात्रीने पकडत नाही, तिच्यासाठी वेगळी पट्टी लागते. सर्दीच्या औषधातल्या स्यूडोइफेड्रिनने आणि वर सांगितलेल्या ब्युप्रोपिऑननेही पट्टी फसू शकते. नमुना चार मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंश सेल्सिअस आहे का, एवढे पाहिले तरी बरीच फसवाफसवी टळते. तापमानपट्टी लावलेल्या बाटल्या मिळतात, त्या घ्याव्यात.

पहिल्या भेटीत रक्तदाब, ईसीजी, एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी-सी. आत्महत्येबद्दल थेट विचारावे, कारण नशा उतरल्यावरचे दिवस सर्वात धोक्याचे: माणूस भरपूर झोपतो, खातो, आणि मनाने पार खचतो. भ्रम दिसला म्हणून त्याच दिवशी केसपेपरवर स्किझोफ्रेनिया लिहू नये. बहुतेकांचा तो पदार्थ थांबल्यावर ओसरतो, महिनाभर टिकला तर निदान नव्याने करावे. भरती लागते ती उग्र भ्रम, आत्महत्येचा धोका किंवा छातीत दुखणे असेल तेव्हा. बाकीचे घरून ये-जा करू शकतात. मात्र सकाळची ओपीडी म्हणजे रोजंदारीवाल्याचा खाडा, आणि दोन खाडे झाले की तो येणे बंद. म्हणून सोमवार-गुरुवार सायंकाळी ५ ते ८, एक परिचारिका, एक समुपदेशक, आणि फोनवर मानसोपचारतज्ज्ञ.

पोलिसांची भीती ही खरी अडचण. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे (उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते). मेथसाठी अल्प मात्रा २ ग्रॅमपर्यंत. नोंदणीच्या खिडकीवर हे मराठीत आणि हिंदीत लावावे. चाचणीचा निकाल पोलिसांकडे किंवा मालकाकडे जाणार नाही, असे लेखी परिपत्रक काढावे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतोच.

सुरुवात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या ओपीडीतून करता येईल. त्यासाठी आपल्या दोन सह्या हव्यात: मेथ आणि एमडीच्या पट्ट्या औषधखरेदीच्या यादीत घालणारी, आणि कूपनचा खर्च रुग्णकल्याण निधीतून जागेवर करण्याची मुभा वैद्यकीय अधीक्षकांना देणारी.

आपले,
व्यसनोपचार क्षेत्रातील कार्यकर्ते