भाजी आम्ही पेरली, पंचनामा सातबाऱ्याचा

मा. संपादक,
स.न.

2026 हे साल युनोनं महिला शेतकऱ्यांचं म्हणून ठरवलंय असं वाचण्यात आलं, म्हणलं आमचं पण गाऱ्हाणं कळवावं.

आम्ही बचत गटातल्या दहा-बारा जणी गावातलंच एकाचं एकरभर रान बटईनं, म्हणजे रानमालकाला पिकाचा वाटा देऊन, करतो. सोयाबीन नाही, नुसती भाजी. मृगाला भेंडी, गवार, दोडका, मग वांगी-मिरचीची रोपं, आन् दिवाळीच्या आगंमागं मेथी, पालक, कोथिंबीर. घरी खाऊन राहिलेली आठवडी बाजारात. भेंडीवर हळद्या, मिरचीवर बोकड्या हे रोग दरसालचेच, चिकट सापळे लावले, निंबोळी अर्क मारला की थोडंफार आवरतं, रात्री डुकरं येतात ती वेगळीच, आणि कोथिंबीर सगळ्यांची एकदम निघाली की काढणीची मजुरी पण सुटत नाही. त्याचं रडगाणं नाही, ते धरूनच चाललोय.

पण 2025 च्या सप्टेंबरात आमच्या भूम-परंड्याकडं जो पाऊस झाला त्यानं पाणी साचून रान पार चिभडलं. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, म्हणून येईना, मुळ्या कुजल्या, वांगं सकाळी हिरवंगार दिसायचं आणि जरा ऊन पडलं की मान टाकायचं, दोडक्याचा मांडव तर आडवाच झाला. नेमकी त्याच टायमाला बाजारात भाजी कडाडली, आन् आमच्याकडं विकायला चिखल!

पंचनाम्याला लोक आले, फोटो काढले, सातबारा मागितला. सातबारा रानाच्या मालकाचा, ई-पीक पाहणी (मोबाइलवरची पिकाची नोंद) मालकाची, खातं मालकाचं. सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं ते टीव्हीवर आम्ही पण बघितलं, पण नेहमीच्या निकषानं बागायतीला हेक्टरी 17,000 म्हणजे एकराला 6,800 बसतात, आणि ते पण ज्याच्या नावावर जमीन त्याला. बी आमचं, खत आमचं, खुरपण आमचं. आमचा मालक भला म्हणून त्यानं आपणहून निम्मे दिले, नसते दिले तर आम्ही कुणाला विचारणार होतो सांगा. पीकविम्याचं तर नावच नको, भाजीपाल्यातला कांदा तेवढा त्या यादीत, भेंडी-गवार नाहीच.

आता कुणी म्हणंल लेखी करार करून घ्या. अहो, मराठवाड्यात 1950 चा हैदराबादचा कूळ कायदा लागू आहे, मालकाला धाक असतो की कागद केला तर कूळ लागंल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसंल, मग तो रानच देत नाही. त्याचं पण चूक म्हणता येत नाही. म्हणून सगळा कारभार तोंडी, आणि तोंडी कारभाराला तलाठ्याच्या दप्तरात जागा नाही.

आमचं मागणं एवढंच की पंचनाम्याच्या फॉर्मवर "प्रत्यक्ष कसणारे" असा एक रकाना टाकावा, त्यात बचत गटाचं नाव चालावं, मालकाची आणि सरपंचाची सही घ्यावी, आणि खाली स्पष्ट लिहावं की ह्या नोंदीनं कुळाचा हक्क लागणार नाही. म्हणजे मालक पण सही करंल. मदत मग गटाच्या बँक खात्यात टाकावी, ते खातं तर आधीपासूनच चालू आहे. पुढच्या मृगाच्या आत हे झालं तर बरं, कारण बी आम्ही तवाच घेतो.

आपली,
बचत गटातली एक शेतकरी बाई
ता. भूम, जि. धाराशिव