शाळेत मोबाईल चोरीला गेल्यावर शाळेची जबाबदारी कोणती?

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय : विद्यार्थ्यांच्या मोबाईल चोरीबाबत शाळांनी लेखी कार्यपद्धती ठरविण्याबाबत

महोदय,

बहुतेक शाळांच्या दैनंदिनीत गणवेश, नखे आणि केस यांच्या नियमांशेजारी एक वाक्य छापलेले असते : विद्यार्थ्यांनी मोबाईल आणू नये, आणल्यास व तो हरवल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. या वाक्याच्या पूर्वार्धाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तासाला मोबाईल नकोच, याबाबत पालक आणि शिक्षक यांच्यात मतभेद असण्याचे कारण नाही. परंतु उत्तरार्धाचा आधार घेऊन शाळा आपल्या आवारात झालेल्या चोरीकडे पाठ फिरवतात आणि मग ज्याचा फोन गेला तो मुलगा व ज्याच्यावर विनाकारण संशय आला तो मुलगा, असे दोघेच सारे भोगत राहतात. त्याविषयी हे पत्र आहे.

माझा मुलगा नाशिकच्या एका शाळेत नववीत शिकतो. शाळा सुटल्यावर तो तसाच शिकवणीला जातो आणि अंधार पडल्यावर शहर बसने घरी येतो, म्हणून त्याच्या दप्तरात बंद करून ठेवलेला एक जुना फोन असे. खेळाच्या तासाला दप्तरे वर्गात ठेवून सगळी मुले मैदानावर गेली आणि परत आल्यावर फोन दप्तरात नव्हता. त्याने लगेच वर्गशिक्षिकांना सांगितले. पहिला प्रश्न आला, ‘आणलास कशाला?’ पुढे वर्गातल्या मुलांना ओळीने उभे करून दप्तरे, खिसे, अगदी पायमोजेसुद्धा तपासण्यात आले. कोणाकडेच काही सापडले नाही, तेव्हा वसतिगृहात राहून शिकणाऱ्या एका मुलाला बाजूला घेऊन पुन्हा पुन्हा विचारणा झाली, कारण वर्गात स्वतःचा फोन नसलेला तोच एक होता. त्याच्याकडेही काही मिळाले नाही. पण पुढचे अनेक दिवस मधल्या सुटीत त्याच्याशेजारी कोणी डबा उघडला नाही, हे मला माझ्या मुलाकडून कळले. फोन अजून मिळालेला नाही. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज दिला, तर त्यावर पोच देण्याचेही नाकारण्यात आले, कारण पोच दिली म्हणजे शाळेत फोन होता हे मान्य केल्यासारखे होते!

नियमभंग आणि चोरी या दोन वेगळ्या बाबी आहेत. मुलाने नियम मोडला असेल तर त्याला ताकीद द्यावी, पालकांना बोलावून घ्यावे, फोन काही काळ जप्त करावा. हा शाळेचा अधिकार आहे. मात्र मुलाने नियम मोडला म्हणून त्याची वस्तू उचलणाऱ्याचा गुन्हा नाहीसा होत नाही आणि आवारात घडलेल्या घटनेची नोंद करण्याचे शाळेचे कर्तव्यही संपत नाही. शिवाय घरचा अभ्यास, परीक्षेचे वेळापत्रक, ऐनवेळी जाहीर झालेली सुटी हे सारे व्हॉट्सॲप गटावर पाठविणाऱ्या शाळेने मोबाईल ही आपल्या कक्षेबाहेरची वस्तू आहे असे म्हणणे जरा विचित्रच वाटते.

काही शाळांनी व कनिष्ठ महाविद्यालयांनी यावर मधला मार्ग काढला आहे. सकाळी फोन गोळा करून कपाटात किंवा पेटीत ठेवायचे आणि सुटताना परत द्यायचे. पद्धत चांगली आहे, पण ती स्वीकारणाऱ्या संस्थेने एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. दुसऱ्याची वस्तू परत देण्याच्या बोलीवर ताब्यात घेतली की भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार तो निक्षेप ठरतो, आणि त्याच कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे सर्वसामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी घेण्याचे बंधन ताबा घेणाऱ्यावर येते. त्यामुळे वर्गाच्या कोपऱ्यात उघडी बादली ठेवून तिच्यात चाळीस फोन टाकायला लावायचे आणि भिंतीवर ‘आपापल्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावायची, एवढ्याने संस्था मोकळी होत नाही. क्रमांक घातलेल्या पिशव्या, कुलूप, ज्याच्याकडे किल्ली आहे त्या कर्मचाऱ्याचे नाव आणि देता-घेतानाच्या सहीची वही, एवढी व्यवस्था कोणत्याही शाळेला परवडण्यासारखी आहे.

आता झडतीविषयी. चोरी झाली की संपूर्ण वर्ग उभा करायचा, ही आपल्याकडची इतकी जुनी सवय आहे की तिच्यात काही गैर आहे असे शिक्षकांना वाटतही नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम १७ सहा ते चौदा वयोगटातील मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींपासून संरक्षण देते, तर मूल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी त्याला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना दिल्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ अठरा वर्षांपर्यंत लागू होते. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहारदृष्ट्याही सामूहिक झडतीतून क्वचितच काही हाती लागते. फोन घेणारा तो स्वतःच्या दप्तरात ठेवून झडतीची वाट पाहत बसत नाही. तोवर फोन बंद झालेला असतो, सिमकार्ड काढून फेकलेले असते आणि फोन स्वच्छतागृहाच्या खिडकीत किंवा कुंपणापलीकडे पोहोचलेला असतो. हाती उरतो तो अपमान, आणि त्याचा मोठा वाटा वर्गातल्या सर्वांत गरीब मुलाच्या पदरी पडतो. जुने मुख्याध्यापक अशा वेळी शिपायालाही दूर पाठवून एखादी खोली तासभर उघडी ठेवत आणि ‘ज्याने घेतले असेल त्याने ठेवून जावे, विचारणा होणार नाही’ असे सर्व वर्गांत सांगत. बऱ्याचदा वस्तू परत येई. मला तो उपाय आजही झडतीपेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो, फक्त त्याची मुदत त्याच दिवशी शाळा सुटेपर्यंतची असावी, कारण त्यापुढे प्रत्येक तासाला फोन मिळण्याची शक्यता कमी होत जाते.

त्या मुदतीत फोन आला नाही तर पोलीस ठाणे गाठलेच पाहिजे, आणि नेमके इथेच बहुतेक पालक थबकतात. एखाद्या पोराचे आयुष्य आपल्या तक्रारीने वाया जाईल, ही भीती त्यांना वाटते. शाळाही तीच भीती घालते. वस्तुस्थिती वेगळी आहे. तक्रार अज्ञात व्यक्तीविरुद्ध द्यायची असते. तपासात अठरा वर्षांखालील मूल निष्पन्न झाले तर बाल न्याय नियमांनुसार अशा किरकोळ गुन्ह्यात त्याच्याविरुद्ध प्रथम खबर (एफआयआर) नोंदवली जात नाही. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत माहिती घेऊन सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळापुढे ठेवला जातो. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. मंडळ समज देऊ शकते, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकते, आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे त्या प्रकरणामुळे पुढे नोकरी वा शिक्षणात अपात्रता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. पालकांनी व मुख्याध्यापकांनी सरळ त्यांची भेट मागावी. शाळेने चार भिंतींच्या आत ‘चोर’ ठरविलेल्या मुलाला यांतले एकही संरक्षण मिळत नाही, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही.

पोलीस ठाण्यात आणखी एक अडथळा येतो. चोरी झाल्याचे सांगूनही अनेकदा केवळ मोबाईल गहाळ झाल्याचा दाखला हाती ठेवला जातो. नवे सिमकार्ड घेण्यापुरता तो चालतो, पण त्यावर चोरीचा तपास सुरू होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र वस्तूची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. मुलांच्या हाती सहसा आईवडिलांचा जुना फोन असतो आणि ‘हा काय दोन-तीन हजारांचा असेल’ असे म्हणून प्रकरण तिथेच संपविले जाते. म्हणून खरेदीची पावती जपून ठेवणे आवश्यक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते व तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करता येते. खबरीची प्रत विनामूल्य मिळते, आणि ठाण्याने नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी दाद मागता येते.

पोलिसांत जाण्याआधी घरी बसून करण्याचे एक काम मात्र अधिक तातडीचे आहे. अल्पवयीन मुलांच्या नावे सिमकार्ड मिळत नसल्याने मुलाच्या फोनमधील क्रमांक आई किंवा वडिलांच्याच नावावर असतो, आणि पुष्कळ घरांत तोच क्रमांक बँक खात्याला वा आधारला जोडलेला असतो. फोनपेक्षा त्या क्रमांकावर येणारा ओटीपी चोराला अधिक मोलाचा. म्हणून आधी कंपनीला कळवून सिम बंद करावे, बँकेला व यूपीआय सेवेला सूचना द्यावी, गूगल किंवा ॲपल खात्यातून फोनला दुरून कुलूप लावावे. खात्यातून पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. मुलींच्या फोनमधील छायाचित्रांचा प्रश्न तर पैशांहून गंभीर आहे, आणि केवळ त्या एका कारणासाठीही ‘फोन आणलास कशाला’ या प्रश्नात शाळेने पहिला तास घालवू नये.

दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर चोरीचा वा हरवलेला फोन बंद पाडण्याची सीईआयआर ही सुविधा आहे. तिची सुरुवात २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आपल्या मुंबईतूनच झाली होती आणि मे २०२३ मध्ये ती देशभर खुली झाली. पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) दिला की तो फोन देशातील कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर चालेनासा होतो, आणि त्यात कोणी दुसरे सिम घातले तर त्याचा माग पोलिसांपर्यंत पोहोचतो. अर्जासाठी त्याच क्रमांकाचे नवे सिम हाती असावे लागते, कारण ओटीपी त्यावर येतो. नव्या सिमवर संदेश सुरू व्हायला एक दिवस लागू शकतो. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, ते *#०६# दाबून आजच लिहून ठेवावेत. दुरुस्तीची व जुन्या फोनची दुकाने चालविणाऱ्यांनाही इथे सांगावेसे वाटते की ‘केवायएम’ ही अक्षरे इंग्रजीत लिहून पुढे आयएमईआय टाकून १४४२२ वर संदेश पाठविल्यास तो फोन काळ्या यादीत आहे का हे कळते. गणवेशातला मुलगा बिलाशिवाय फोन विकायला आला तर एवढी चौकशी करण्यास अडचण नसावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हाच आहे.

बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने सर्व शाळांत सीसीटीव्ही बसविण्याचे आदेश काढले. कॅमेऱ्यांतील चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, त्यामुळे चोरी कळताच त्या तासाचे चित्रण वेगळे काढून ठेवणे हे मुख्याध्यापकांचे पहिले काम आहे. ते पोलिसांना द्यावे, पालकांच्या गटावर टाकू नये. माझ्या मुलाच्या शाळेत चित्रण मागितल्यावर आधी टाळाटाळ झाली. उलट दुसऱ्या एका शाळेतील अस्पष्ट चित्रफीत ‘याला ओळखा’ म्हणून गटागटांतून फिरताना मी स्वतः पाहिली आहे. चौकशीतल्या मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली आहे. त्या मनाईत मुलाच्या शाळेचे नावही येते, म्हणून आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांनी अशा बातम्या देताना शाळेचे नाव टाळावे, ही विनंती.

शुल्क नियमन कायदा, २०११ प्रमाणे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करणे खासगी शाळांना बंधनकारक आहे, आणि अनुदानित व शासकीय शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असतेच. या वर्षीच्या पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेवर पालकांनी हा विषय लेखी द्यावा : फोन कोठे ठेवायचा, चोरी झाल्यास तक्रार कोणाकडे द्यायची, त्याच दिवशी पोच मिळणार का, चित्रण कोण जतन करणार, आणि मुलांची अंगझडती घेतली जाणार नाही हे शाळा लिहून देणार का. शिक्षण विभागाने हीच बाब परिपत्रकाद्वारे सर्व शाळांना कळविली तर प्रत्येक पालकाला मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर स्वतंत्रपणे ताटकळावे लागणार नाही. आमच्या शाळेच्या संघाकडे मी हा अर्ज दिला आहे आणि या खेपेस त्याची पोच मिळाली आहे.

आपली विश्वासू,
एक पालक, नाशिक