सात नंबरचा रस्ता

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

हैदराबादला पोचून मुक्काम केलास हे कळलं, जिवाला बरं वाटलं. आईची तेरवी आटोपून तू गाडी काढलीस तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. पोरीला एकटीला कन्याकुमारीपर्यंत कशाला जाऊ दिलं, म्हणतात. मी सांगतो, उभा जन्म मी ट्रक चालवला, मला असं कोणी विचारलं नाही. दवाखान्यात आईपाशी रात्र-रात्र तूच जागलीस. आता चार दिवस कोणाशी बोलायचं नसेल तर नको बोलूस.

तू ज्या राष्ट्रीय महामार्गाने चाललीस त्याचा नंबर २०१० मध्ये बदलून ४४ झाला, पण आम्हा ड्रायव्हर लोकांचा तो सातच. वाराणसी ते कन्याकुमारी, मधात आपलं नागपूर. पैनगंगा, गोदावरी तू ओलांडलीस. आता कृष्णा, मग कर्नूलला तुंगभद्रा, नामक्कलच्या पुढे कावेरी. तुझ्या जन्माआधी आई एकदा माझ्यासोबत केबिनमध्ये बसून आली होती. दर पुलावर खिडकीतून नदीत नाणं टाकायची. तुंगभद्रेपाशी सुटे संपले, तर क्लीनरकडून मागून घेतले. तुलाही टाकावंसं वाटलं तर पुलावर गाडी उभी करू नकोस, पलीकडे जाऊन काठावर उतर.

धर्मपुरी सोडलं की सेलमच्या आधी तोप्पूरचा घाट लागतो. तो दिवसाच उतर. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले तिथे न्यूट्रल करतात. मग सारखा ब्रेक दाबून ड्रम तापतात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. ज्या गिअरात चढ चढतो त्याच गिअरात उतार उतरायचा. मागून कोणी कितीही हॉर्न मारो. भरलेला ट्रक मागे आला तर त्याला पुढे जाऊ दे.

आणि बेटा, रडू आलं तर ढाब्यावर, पंपावर, कुठेही गाडी बाजूला घे आणि पोटभर रड. चालवताना नको. डोळ्यांत पाणी असलं की पुढच्या गाडीचे लाल दिवे पसरून दिसतात, अंतर कळत नाही. तुझी आजी गेल्याचा निरोप मला अनंतपूरला मिळाला होता. मोबाइल नव्हते, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोन आला. तिथून नागपूरपर्यंत कितीदा गाडी बाजूला घेतली, आठवत नाही. ढाबेवाल्याने एका शब्दाने विचारलं नाही, नुसता चहा आणून ठेवला. रस्त्यावरची माणसं असं समजून घेतात. म्हणून तू एकटी गेलीस याची मला भीती वाटत नाही.

तिरुनेलवेलीनंतर मुप्पंदलला पवनचक्क्या दिसल्या की दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव, तिथे वारा आडवा मारतो. कन्याकुमारीला विवेकानंदांचं शिलास्मारक बघ. १९७० चं आहे, आणि ते उभारणारे एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. आईला त्याचं फार कौतुक होतं.

परत कधी येतेस ते विचारत नाही. माझ्या जेवणाची काळजी करू नकोस, काकू डबा पाठवते. फास्टॅगमध्ये पैसे टाकलेत. हवा सकाळी टायर गार असतानाच तपासत जा, आणि अंधार पडला की मुक्काम.

तुझा,
बाबा