सुजलेल्या तोंडाआधी हिरड्या पाहा

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत कुत्र्याला मधमाशी चावली तर काय करावं, याचं छोटं टिपण आलं होतं. नांगी काढा, बर्फाने शेका, कुत्र्याला शांत ठेवा. सल्ला योग्यच आहे. पण ज्याने कुत्रा जिवानिशी जातो, ते त्यात आलं नाही, म्हणून लिहिते आहे. प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली मदतनीस म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत.

लोक घाबरतात ते सूज पाहून. थोबाड फुगलेलं, डोळा बारीक झालेला, अंगावर गांधी उठलेल्या. मालकाला रडू फुटतं आणि कुत्रा मात्र शेपूट हलवत असतो. अशा कुत्र्यांवर लक्ष ठेवावंच लागतं, पण त्यातले बहुतेक इंजेक्शन घेऊन त्याच दिवशी घरी जातात.

एकदा एक कुत्री आली, तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. बागेतून आली, लागोपाठ उलट्या केल्या, पातळ संडास केली आणि खाली बसली ती उठेचना. काहीतरी खाल्लं असेल, असं समजून मालक शांतपणे रांगेत बसले होते. मी ओठ वर केला, तर हिरड्या पांढऱ्याफटक. बोटाने दाबलं, पण रंग परत येईना. डॉक्टरांनी तिला तसंच उचलून आत घेतलं. तपासताना पुढच्या पायाच्या बोटांमध्ये काळा ठिपका दिसला. ती नांगी होती, टोकाला विषाची इवलीशी पिशवी तशीच लटकलेली. अ‍ॅड्रेनलिन, सलाइन, ऑक्सिजन सगळं लागलं. ती वाचली.

माणसाला तीव्र अ‍ॅलर्जी आली की अंगावर पुरळ उठतं, श्वास कोंडतो, हे आपल्याला ठाऊक असतं. कुत्र्यात मोठा तडाखा बसतो तो यकृताला आणि आतड्यांना. म्हणून अचानक उलटी, जुलाब, पायातलं त्राण जाणं ही लक्षणं आधी दिसू शकतात, आणि सूज दिसेलच असं नाही. हे बहुधा काही मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात सुरू होतं. तेवढा वेळ तरी कुत्र्याजवळून हलू नका, आणि पुढचे काही तासही त्याला एकटं सोडू नका. यातलं एक जरी लक्षण दिसलं, तरी घरगुती लेप लावत बसू नका. दवाखान्यात फोन करून लगेच निघा.

हिरड्या पाहायची सवय मात्र कुत्रा धडधाकट असतानाच करा. ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला भाग साधारण 2 सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. घरातल्या मुलांनाही हे सहज जमतं.

आता नांगीविषयी. चिमट्याने धरावी की नखाने खरवडावी, यावर लोक वाद घालतात आणि तेवढ्यात विष आत जातं. सुटी झालेली पिशवीही विष ढकलत राहते आणि बरंचसं विष पहिल्या अर्ध्या मिनिटातच उतरतं. हाताला येईल त्याने काढा, पण आधी कुत्र्याला तिथून दूर न्या, कारण डंखाबरोबर सुटणाऱ्या वासाने बाकीच्या माश्या धावून येतात. गांधीलमाशीची नांगी सहसा मागे राहत नाही. ती शोधत कातडी उकरू नका.

कुत्रे उडती माशी तोंडाने पकडायला जातात, म्हणून डंख जिभेवर किंवा घशात बसतो. लाळ गळत असेल, श्वासाचा आवाज येत असेल, तर थांबायचं नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. आणि अशा कुत्र्याचं तोंड बांधून नेऊ नका!

आपल्या गोळ्या त्याला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. अ‍ॅलर्जीची गोळीसुद्धा डॉक्टरांना वजन सांगून, विचारूनच. सर्दीच्या काही गोळ्यांत तिच्या जोडीला नाक मोकळं करणारं औषध असतं, ते कुत्र्याला घातक आहे. पोळंच उठून अंगावर आलं असेल, तर कुत्रा ठीक दिसला तरी तपासून घ्या. पुढच्या काही दिवसांत लघवी लालसर किंवा काळपट झाली, तर विषाचा परिणाम रक्तावर झालेला असू शकतो आणि मूत्रपिंडांना धोका असतो.

आपल्याला विनंती, की उलटी, जुलाब, पांढऱ्या हिरड्या आणि गळून जाणं ही चार लक्षणं पुरवणीत ठळक चौकटीत छापावीत. आणि दवाखान्यांत नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना सांगणं आहे: अचानक उलट्या सुरू झालेला कुत्रा आला, की नंबर देण्याआधी त्याचा ओठ उचलून पाहा.

आपली,
एक वाचक