ताई, तुमचा चहा राहिलाय

ताई,

तुमचं नाव इथं घालत नाही. घातलं तर येत्या ९ तारखेला दवाखान्याच्या बाकड्यावर सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी निघेल. तासगाव तालुक्यातल्या आपल्या गावात नुसतं ‘आशाताई’, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, म्हटलं तरी पोरंसुद्धा तुमच्या घराकडं बोट दाखवतात, तेवढं पुरे.

मी तुमच्या गावची सून, माहेर चिपळूणजवळचं. पहिलटकरीण, त्यामुळे सातव्यात ओटी भरायची आणि माहेरी जायचं, हे दोन्हीकडच्यांनी धरूनच ठेवलेलं. पण डिसेंबरातल्या सोनोग्राफीत वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती) खाली निघाली, फेब्रुवारीत एका सकाळी अंगावर थोडं लाल दिसलं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद म्हणून सांगितलं. कराड, पाटण आणि पुढं कुंभार्ली घाटाची ती वळणं. आई फोनवर एवढंच म्हणाली, “तिथंच राहा गं बाई.” फोन ठेवला, न्हाणीत जाऊन रडले आणि पर्समधून पाटीवरची पेन्सिल काढून खाल्ली.

हो, पाटीवरचीच. आता लिहून टाकते, कारण हे पत्र वाचणाऱ्यांत एखादी तरी असणार जिच्या उशीखाली अशीच डबी आहे. दाताखाली कडक् करून तुटते, मग जिभेवर ओली माती होते. पहिल्या पावसाला अंगण जसं वास सोडतं ना, तसा वास थेट टाळूला. आधी दिवसाला एक खायची. आठवा लागला तोवर अर्धी डबी जायला लागली होती. एकाच दुकानातून घेतलं तर संशय येईल म्हणून दुकानं बदलायची. “भाच्याला पाहिजेत” म्हणायचे. भाचा इंग्रजी माध्यमात, त्यानं पाटी जन्मात पाहिलेली नाही.

मला काय खावंसं वाटतंय हे घरात सगळ्यांनी विचारलं होतं, असं नाही की नाही विचारलं. पण डोहाळे म्हणजे काय, तर चिंच, कैरी, पेरू, आंबटचिंबट. तेवढीच उत्तरं चालतात. मला सोलकढी हवी होती, कुळथाची पिठी आणि मऊ भात हवा होता. तेही मी सांगितलं नाही, उगाच सासूबाईंना वाटायचं इथलं काही गोड लागत नाही. मग पेन्सिलीचं कुठून सांगणार!

आता त्या बाकड्याबद्दल. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून चालू आहे, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी होते, एवढं फलकावर लिहिलेलं असतं. फलकावर लिहिलेलं नसतं ते हे, की डॉक्टरीणबाई येईस्तोवर आम्ही आठ-नऊ जणी त्या लोखंडी बाकड्यावर पोटं सांभाळत बसतो, आणि तुम्ही समोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून “काय खावंसं वाटतंय, कशाची भीती वाटतीया, सांगायचं. लाजायचं न्हाई,” म्हणून सुरू करता.

आणि बाया सांगायच्या. विट्याकडची एक होती, नवऱ्याचं केरळात गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान, ती चार वर्षं तिकडंच राहिलेली. बाळंतपणाला इकडं आली तर तिला खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर्सच पाहिजेत. इथले आणून दिले तर म्हणाली, वास येत नाही. बीडकडची ऊसतोडीची बाई होती, टोळीबरोबर आलेली. आठव्या महिन्यात कोयता चालूच. तिला उसाचा वास आला की उमळायचं आणि राहायला उसाच्या पाचटाचीच कोप. खावंसं काय वाटतं विचारलं तर म्हणाली, “गावाकडची बोरं.” जरा थांबून म्हणाली, “अन् दुपारची झोप.” तिची काळजी सगळ्यांत मोठी होती. कळा कुठं येतील, फडात, वाटेत ट्रॅक्टरवर की गावात? तिचं कार्ड गावी राहिलेलं. तुम्ही त्याच दिवशी तिला इथलं माता-बाल संरक्षण कार्ड करून दिलं, त्यावर वजन, रक्तदाब, इंजेक्शनं सगळं चढवून घेतलं आणि म्हणालात, “ही तुझी कागदं. टोळी हलली तरी ही हलवायची न्हाईत, पोटाशी ठेवायची.” मार्चच्या मध्यात टोळी गेली. कुठं बाळंत झाली, माहीत नाही. कार्ड तिच्याजवळ आहे एवढं मात्र मला माहीत आहे.

९ मार्चला माझी चोरी सापडली. तुम्ही ओटीवरचा पदर नाही, तोंड बघत होता. “ओठाच्या कोपऱ्याला पांढरं काय गं?” मी पुसलं. तुम्ही हात पुढं केला, मी काही न बोलता पर्स उघडली. सगळं बाकडं बघत होतं. मला वाटलं आता हसतील. तुम्ही एक पेन्सिल उचलली, बोटांत फिरवली आणि अगदी भाजीचा भाव विचारावा तसं विचारलंत, “दिसाला किती खातीस?”

बस, एवढंच. ‘ई’ नाही, ‘शहाणी ना तू’ नाही. तुम्ही तसं विचारलंत म्हणूनच माझ्या शेजारची म्हणाली, “मी तांदूळ खाते, कच्चे, मूठ-मूठ.” पलीकडची बेदाण्याच्या शेडवर कामाला जाणारी म्हणाली, ती चुलीतली भाजकी माती खाते, सासूला वाटतं उंदीर उकरतात. एक फ्रीजरमधला बर्फ खरवडून खात होती. आठ जणींत आम्ही चौघी निघालो. हसलो मग सगळ्याच, पोट धरून, म्हणजे खरंच पोट धरूनच.

आणि मग तुम्ही हळूच दुसरा प्रश्न टाकलात: “लाल गोळ्या घेतीस का?” घेत नव्हते. तोंडाला गंजकं लोखंड चोखल्यासारखं व्हायचं, संडासला काळं व्हायचं, मी घाबरले होते. महिन्याभराच्या पट्ट्या साड्यांच्या घडीत पडून होत्या. त्या दिवशी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२. गरोदरपणात ते ११ च्या वर हवं. तेव्हा तुम्ही सांगितलंत की रक्त कमी असलं की अशी माती-खडूची ओढ लागते आणि पोटात माती गेली की जेवणातलं लोह अंगी लागायचं तेही लागत नाही. म्हणजे मी भूक समजून आजारालाच खाऊ घालत होते. काळं होतं ते गोळीमुळंच, त्याला घाबरायचं नाही, हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

सलाईनमधून लोहाच्या मात्रा झाल्या, गोळ्या दिवसाला दोन सुरू झाल्या. तुमचे नियम तर आमच्या घरात अजून तोंडपाठ आहेत. गोळी लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियमची त्याच वेळी नाही, दोन तासांचं अंतर. आणि गोळीच्या पुढंमागं चहा नाही. या चहावरून तुम्ही माझ्या सासऱ्यांनाही बोललात, “पोरीसमोर कप घिऊन बसू नका.” ते बिचारे महिनाभर परड्यात जाऊन चहा प्यायले.

तीन-एक आठवड्यांत एक सकाळ अशी आली की मी डबी उघडली, पेन्सिल तोंडात धरली आणि मला ती चक्क दगड लागली. थुंकून टाकली.

ग्रहणाचंही लिहायलाच हवं, ते झालं माझी चोरी सापडली त्याच्या सहाच दिवस आधी. ३ मार्चला, फाल्गुनी पौर्णिमेला चंद्रग्रहण. सासूबाईंनी सकाळीच विळी माळ्यावर टाकली, मला आतल्या खोलीत बसवलं, ग्रहण सुटेस्तोवर पाणीसुद्धा नाही. मी वाद घातला असता तर घरात चार दिवस अबोला झाला असता. तुम्ही आलात, वाद घातलाच नाही. भिंतीवरची दिनदर्शिका काढलीत, पान उलटलंत आणि सासूबाईंना म्हणालात, “काकी, तुमीच वाचा, माझा चष्मा न्हाई.” लहान मुलं, आजारी माणसं, गर्भवती यांना वेध थोडाच वेळ पाळायचे असतात, असं त्यातच छापलेलं. त्यांनी स्वतः मोठ्यानं वाचलं आणि स्वतःच मला भाकरी वाढली. ग्रहण किती दिसलं? चंद्र उगवला तेव्हाच सुटत आलेलं. विज्ञान सांगून तुम्हाला जिंकता आलं असतं, पण मग जेवण मला तुमच्या हातचं मिळालं असतं, सासूबाईंच्या नाही. (चष्मा तुमच्या पदराला अडकवलेला होता, मी पाहिला.)

रात्रीच्या भीतीवर तुम्ही दिलेलं औषध मला सगळ्यांत आवडलं. दिवसा बाळ लाथा मारायचं ते कामात कळायचं नाही, रात्री दोनला जाग आली की वाटायचं हालत नाहीये. पायात गोळा आलेला, छातीत जळजळ, शेजारी नवरा घोरतोय. तुम्ही म्हणालात जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं, दोन वाट्या घ्यायच्या, एकीत दहा बेदाणे. बाळ हाललं की एक बेदाणा दुसऱ्या वाटीत. दोन तासांत दहा झाले की खाऊन टाकायचे आणि झोपायचं. नाही झाले तर सकाळची वाट न बघता फोन. तासगावात बेदाण्यांना काय तोटा. माझी लेक बहुतेक वेळा अर्ध्या तासात वाटी रिकामी करायची. एकदा मात्र दीड तास झाला तरी सहावरच अडकली. मी तुम्हाला पावणेअकराला फोन केला, तुम्ही फोनवर राहिलात, गार पाणी प्यायला लावलंत, आणि सातवा, आठवा, नववा, दहावा असे लागोपाठ झाले. तुम्ही तिकडून मोजत होता. तुमच्या घरी तेव्हा पाहुणे होते, हे मला नंतर कळलं.

९ एप्रिलला तिसऱ्या खेपेची आपली ती हसरी बाई आली, जिचा डोहाळा नेहमी एकच, “मला कुणी उठवू नका.” त्या दिवशी म्हणाली, डोकं ठणकतंय, ऊन लागलं असेल. बाकड्यावर सगळ्याच म्हणाल्या, होय बाई, ऊन फार. तुम्ही तिच्या बोटाकडं बघितलंत. अंगठी रुतलेली. “डोळ्यापुढं काजवं चमकत्यात का?” ती हो म्हणाली आणि तुम्ही रांग मोडून तिला आत नेलंत. रक्तदाब १६० वर होता. १०२ ची गाडी बोलावून तिला सांगलीला पाठवलं, तुम्ही तशाच गाडीत बसलात, डबा बाकड्यावर राहिला. तिला मुलगा झाला, दिवसांच्या आधी झाला, बारीक आहे, पण दोघं घरी आहेत. तुमचा डबा आम्ही खाल्ला. मेथी होती. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार.

माझी वार त्याच दिवशीच्या सोनोग्राफीत वर सरकलेली दिसली. तुम्ही फुग्यावर टिकली लावून, फुगवून दाखवलं होतं की पिशवी वाढेल तशी बहुतेक जणींची वार वर जाते, तशीच. मग आई चिपळूणहून एसटीनं आली, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि फणसाची सांदणं घेऊन. ६ मेच्या पहाटे मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅम. कळांबद्दल लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. हिमोग्लोबिन तोवर १०.६ वर आलं होतं. बाळंतपणात रक्त गेलं, पण बाहेरून चढवावं लागलं नाही.

घरी आल्यावर बाळाच्या तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी तुम्ही आलात, पिशवीतला वजनकाटा, झोळी, थर्मामीटर घेऊन. प्रत्येक वेळी हात धुऊन मगच बाळाला हात. तुम्हाला पगार नसतो, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, हेही मला तेव्हाच कळलं. रात्री पावणेअकराच्या फोनचं त्या तक्त्यात काही खातं आहे का, ते विचारायचं राहून गेलं.

बेचाळिसाव्या दिवशी, १७ जूनला, शेवटची भेट म्हणून मी आलं घालून चहा ठेवला, सासूबाईंनी खास कप काढले. तुम्ही कपाकडं बघितलंत, मग माझ्याकडं. “बाळंतपणानंतर बी १८० दिस गोळ्या हायत ना तुज्या? मी कप घितला की तू बी घेणार.” आणि उठून गेलात.

ताई, मी हिशेब केलाय. १८० दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरतात, दिवाळीच्या तोंडावर. शेवटची रिकामी पट्टी दाखवायला ठेवते. तेव्हा फराळाला या. सासरे म्हणाले आहेत की त्या दिवशी ते परड्यात नाही, सोप्यात बसून पिणार.

तुमची,
पेन्सिलवाली