गृहपाठाचे गुण नेमके कशाचे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दहावीच्या गणितात बीजगणित आणि भूमितीच्या प्रत्येकी 40 गुणांच्या लेखी परीक्षेखेरीज 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि त्यांत गृहपाठाचाही वाटा असतो, हे बहुतेक पालकांना ठाऊक आहे; पण गृहपाठाचे गुण वर्गात कशाच्या आधारे दिले जातात, याची चौकशी फारसे कुणी करत नाही. मी जळगाव जिल्ह्यात अनेक वर्षे गणित शिकवले, असे गुण स्वतः दिले, आणि आता नातीच्या वह्या चाळताना ते चुकीच्या गोष्टीला दिले, असे मला वाटू लागले आहे.

एक प्रसंग अजून विसरलेलो नाही. मुळे 9 आणि 6 येतात असे एक वर्गसमीकरण घरी सोडवायला दिले होते. वह्या आल्या तेव्हा अकरा जणांच्या वहीत अवयव अगदी बरोबर पाडलेले होते आणि शेवटच्या ओळीत मुळे मात्र 9 आणि 0 लिहिलेली होती. कुणा एकाने घाईत 6 चा 0 केला आणि बाकीच्या दहा जणांनी सकाळी एसटीत बसून तो इमानेइतबारे उतरवून घेतला. समास आखलेला, उत्तराला चौकट केलेली, त्यामुळे पहिल्या चार-पाच वह्यांवर माझीही लाल पेन्सिल 'बरोबर'ची खूण करून पुढे गेली होती. त्याच गठ्ठ्यात एका मुलाची वही अर्धवट होती. कापूस वेचणीचे दिवस होते, तो संध्याकाळी आईसोबत शेतातून परतायचा. त्याने पाचपैकी दोनच उदाहरणे केली होती, खाडाखोड भरपूर होती, पण दोन्ही त्याची स्वतःची होती. वही अपुरी म्हणून मी त्याचे गुण कापले. पुढे चाचणीत त्या अकरांपैकी बहुतेकांपेक्षा त्याला अधिक गुण मिळाले.

यात शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. साठ मुलांच्या तुकडीत बीजगणित-भूमितीच्या मिळून 120 वह्या होतात. एका वहीला दोन मिनिटे धरली तरी चार तास लागतात आणि एवढ्या वेळात मूल कुठल्या पायरीला अडले हे पाहणे होत नाही, वही भरली की नाही एवढेच पाहिले जाते. (त्यातच मतदार याद्यांचे काम आले, तर तेवढेही होत नाही.)

न दिलेल्या गृहपाठाला शून्य देण्याच्या पद्धतीचाही गणिताच्याच शिक्षकांनी हिशोब मांडून पाहावा. दहापैकी 8, 9, 8 गुण मिळवणाऱ्या मुलाची सरासरी 8.33 येते, चौथ्या वेळी वही आली नाही म्हणून शून्य मांडले की ती 6.25 वर घसरते. त्या मुलाचे गणित तेवढे कच्चे झाले, असे कोण म्हणेल? गैरहजेरीची किंवा शिस्तीची नोंद ठेवायची असेल तर ती स्वतंत्र रकान्यात ठेवावी.

माझी सूचना अशी, की गृहपाठ जरूर द्यावा, पण संपूर्ण सरावसंच न देता निवडक तीन उदाहरणे द्यावीत, आणि गुण वहीला न देता दुसऱ्या दिवशी वह्या मिटवून, त्यांतलेच एक उदाहरण आकडे बदलून पाच-सात मिनिटांत वर्गात सोडवून घ्यावे व त्याला द्यावेत. मंडळाच्या उत्तरपत्रिकेत पायरीनुसार गुण मिळतात, तसेच येथेही द्यावेत, म्हणजे शेवटच्या ओळीतल्या एका चुकीने सगळ्यावर पाणी पडणार नाही. ज्याचे चुकले त्याला आठवड्याभरात पुन्हा सोडवू द्यावे आणि नंतरचे गुण धरावेत. यात उतरवून आणण्याचा फायदा राहत नाही, आणि तपासायला प्रत्येकाचे एकच उदाहरण असल्याने शिक्षकाचे कामही हलके होते.

घरी शिकवणीची सोय नसलेली, दिवाळीच्या सुट्टीत आणि पुढेही वेचणीला जाणारी मुले खानदेशातील अनेक वर्गांत आहेत. त्यांना घरी किती वेळ मिळतो हे न पाहता घरच्या वहीवर गुण ठेवणे मला योग्य वाटत नाही. मुख्याध्यापकांनी जूनमधील पहिल्याच पालकसभेत अंतर्गत गुणांची पद्धत फळ्यावर लिहून समजावून सांगावी आणि पालकांनीही तेव्हाच विचारून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
ता. पारोळा, जि. जळगाव